मुंबई–चेन्नई चार वेळा? आधी गुणतालिका पाहा

आयपीएलचे वेळापत्रक जाहीर झाले की एक मागणी हमखास फिरू लागते. मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज यांच्यासारख्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांना साखळीतच तीन-चार वेळा खेळवावे, असे तिचे स्वरूप असते. कारणेही ठरलेली असतात: प्रेक्षकांना तेच हवे असते, वारंवार भिडल्याशिवाय चुरस तापत नाही, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हेच चालते, प्रवास वाचतो, आणि १४ सामन्यांत थोडे इकडे-तिकडे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही. मागणी करणाऱ्यांचे क्रिकेटप्रेम खरे आहे. कारणे मात्र एकेक करून तपासली तर टिकत नाहीत.

प्रेक्षकांबद्दलचे म्हणणे मी निम्मे मान्य करतो. या सामन्याची ओढ वेगळी असते आणि आयोजकांनाही ती पुरती ठाऊक आहे. २०२४ मधला एकमेव आणि २०२५ मधले दोन्ही मुंबई–चेन्नई सामने रविवारी ठेवले गेले, तो काही योगायोग नव्हे. परंतु रविवारची ही जागा मोलाची ठरते ती सामना विरळ असल्यामुळे. दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या सामन्यासाठी कोणी लग्नाच्या पंगतीतून लवकर उठणार नाही.

वारंवारतेतून चुरस जन्मते, हा यातला सर्वांत मोहक आणि म्हणूनच सर्वांत फसवा मुद्दा आहे. मुंबई आणि चेन्नई यांच्यातील चुरस वेळापत्रकाने घडवलेली नाही. २००८ पासून चेन्नईचा संघ निलंबित असलेली २०१६ आणि २०१७ ही दोन वर्षे वगळता २०२३ पर्यंत हे दोन संघ साखळीत २०११ मध्ये एकदा आणि इतर प्रत्येक हंगामात दोनदाच भेटले, आणि आठ संघांच्या काळात तर प्रत्येक जोडी तेवढ्याच वेळा भेटत होती. पंजाब–राजस्थान यांच्या वाट्यालाही तेच दोन सामने होते, पण त्यांच्या भेटीची कोणी महिनाभर वाट पाहिल्याचे आठवत नाही. फरक पडला तो अंतिम सामन्यांमुळे: २०१०, २०१३, २०१५ आणि २०१९ अशा चार वेळा विजेतेपदासाठी हेच दोघे समोरासमोर उभे राहिले, आणि त्यांपैकी शेवटच्या सामन्यात अखेरच्या चेंडूवर मुंबईच्या मलिंगाने चेन्नईकडून खेळणाऱ्या आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूरला पायचीत करून मुंबईला एका धावेने जिंकून दिले. त्या हंगामात दोघे एकूण चार वेळा भिडले खरे, पण त्यांतले साखळीपुढचे दोन सामने त्यांनी गुणतालिकेत वर येऊन कमावले होते, कोणी वाटून दिले नव्हते. उलट २०२२ मध्ये वेळापत्रकाने या जोडीला दोन सामने दिले, आणि संघ मात्र नवव्या-दहाव्या स्थानावर गेले. वानखेडेवर चेन्नईचा डाव ९७ धावांत आटोपला तेव्हा मुंबई स्पर्धेतून आधीच बाद झाली होती आणि त्या पराभवाने चेन्नईही झाली. अशा हंगामात आणखी दोन सामने वाढवून काय तापले असते?

बेसबॉलचा दाखला तर मागणी करणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि २०२२ पर्यंत आपल्या गटातील चार प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी १९ सामने खेळत असे. २०२३ पासून ही संख्या १३ वर आणली गेली, म्हणजे गटांतर्गत सामने ७६ वरून ५२ झाले, आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाची इतर सर्व २९ संघांशी गाठ पडू लागली. यांकीज–रेड सॉक्स या तिथल्या पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांनाही यातून सूट मिळाली नाही. शिवाय ते जुने १९ सामने १६२ च्या बारा टक्केसुद्धा होत नव्हते, तर आयपीएलमध्ये १४ पैकी दोन म्हणजे आताच चौदा टक्के होतात. चार सामने दिले, तर हंगामाचा चौथा हिस्सा ओलांडून आपण अमेरिकेच्याही बरेच पुढे निघून जाऊ.

प्रवास वाचण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल, कारण कोण कोणाशी दोनदा खेळणार हे ठरवणारे आयपीएलचे गट भूगोलावर बेतलेलेच नाहीत. २०२२ मध्ये ते विजेतेपदे आणि अंतिम फेरीतील प्रवेश पाहून पाडले गेले होते. शेजाऱ्यांशी खेळण्याची रचना रणजी करंडकात होती. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र पश्चिम विभागात एकमेकांशी खेळत, आणि २००२-०३ पासून ती विभागवार रचना आपण स्वतःच मोडली.

राहिला ‘कोणाचे काही बिघडत नाही’ हा दावा. दहा संघ आणि प्रत्येकी १४ सामने, म्हणजे नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदा खेळावे लागते. ही असमानता आजच पुरेशी बोचरी आहे. २०२४ मध्ये बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ असे चार संघ १४ गुणांवर अडकले आणि बाद फेरीतील शेवटची जागा निव्वळ धावगतीवर बंगळुरूला मिळाली: त्यांची ०.४५९, चेन्नईची ०.३९२. त्या वर्षीचा विजेता कोलकाता. त्याच्याशी बंगळुरू, दिल्ली आणि लखनौ दोन-दोनदा खेळले आणि सहाही सामने हरले, तर चेन्नई एकदाच खेळली आणि जिंकली. उपविजेत्या हैदराबादच्या बाबतीत पारडे उलटे होते. चेन्नई आणि बंगळुरू यांना ते दोनदा भेटले, दिल्ली आणि लखनौ यांना एकदाच. चौघांचे गुण सारखे, पण वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी निराळे. आता याच तालिकेत मुंबई–चेन्नई चार सामने बसवून पाहावेत. चेन्नईच्या उरलेल्या दहा सामन्यांत आठ संघ कोंबावे लागतील, म्हणजे दोघांशी दोनदा आणि सहा जणांशी एकेकदाच खेळता येईल. आणि मुंबई त्या वर्षी तळाला, दहाव्या स्थानावर होती. तळाच्या संघाशी चार सामने मिळवून चेन्नईने ती शेवटची जागा पटकावली असती, तर बंगळुरूच्या समर्थकांनी ते ‘प्रेक्षकांची आवड’ म्हणून पोटात घातले असते का?

यावर कोणी म्हणेल की अशी परिस्थिती एखाद्याच वर्षी येते. वर्ष कोणतेही असो, साखळी छोटी असल्याने एकेका सामन्याचे वजन मोठे राहते. १६२ सामन्यांत असमान वाटप काही प्रमाणात विरून जाते, १४ सामन्यांत मात्र ते थेट तालिकेत उतरते.

सामने वाढवायचेच असतील तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. २०२३ ते २०२७ या काळाचे प्रक्षेपण हक्क विकताना सामन्यांची संख्या ७४ वरून टप्प्याटप्प्याने ९४ पर्यंत नेण्याचे गृहीत धरलेले होते, जरी २०२५ मध्ये ती ७४ वरच राहिली. ९४ म्हणजे प्रत्येक संघाचे १८ साखळी सामने, प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा बाहेर. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकातून तेवढे दिवस काढणे कठीण आहे. तरीही मागणी करायचीच, तर ती या दिवसांची करावी. त्या रचनेत मुंबई आणि चेन्नई साखळीत दोनदा भेटतील, तिसरी भेट हवी असेल तर दोघांनाही पहिल्या चारांत यावे लागेल.