निकाल तेवढा लिहा की रे!

सांगली-सातारा पट्ट्यात कुस्तीच्या नावानं चालणारे ग्रुप, पेज आणि चॅनेल मोजायला बसलं तर दिवस मावळेल. नावात कुठं ना कुठं 'लाल माती' असणारच, फोटोला गदा नाहीतर बजरंगबली, आणि खाली ठळक अक्षरात 'फक्त कुस्तीप्रेमींसाठी'. एवढी सगळी मंडळी मिळून काल झालेल्या कुस्त्यांच्या मैदानात पहिल्या नंबरची, म्हणजे सगळ्यात मोठ्या इनामाची कुस्ती कोण जिंकलं हे एका ओळीत लिहू शकत नाहीत. एका ओळीत! डोकं फिरलंय माझं.

यात्रांचा हंगाम सुरू झाला की रोज कुठं ना कुठं मैदान. सगळीकडं जाणं कुणालाच जमत नाही, नोकरी आहे, शेत आहे. म्हणून रात्री जेवण झाल्यावर माणूस मोबाईल उघडतो आणि विचारतो, "निकाल काय लागला?" उत्तरं काय येतात? आगीची चित्रं. अंगठे. "नाद खुळा!" "वाघ एकटाच असतो!" "आपल्याच पैलवानाची हवा!" अरे, पण तुझा वाघ जिंकला का हरला ते सांग ना! त्यातच एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं पोस्टर येऊन पडतं, भावी आमदार, भावी सभापती. मग अर्धा तास शुभेच्छा. माझा प्रश्न वर कुठंतरी वाहून गेलेला असतो. परत विचारला तर म्हणतात, लिंक बघा.

ठीक आहे, लिंक बघू. वरच्या चित्रात दोन नावाजलेले मल्ल, मध्ये लाल बाण, 'शेवटपर्यंत बघा, अंगावर काटा येईल'. त्या दोघांपैकी एकही त्या मैदानाला आलेला नसतो. उघडल्यावर आधी चॅनेल सबस्क्राइब करा, घंटी दाबा. मग पाहुण्यांचे फेटे, हार, नारळ, सगळं स्वच्छ आणि सावकाश टिपलेलं. मग हलगी कडाडते, लढणाऱ्या दोघांची जोड आत येते, सलामी होते, आणि नेमका तेव्हाच खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस पुढं उभा राहतो. पुढची सगळी कुस्ती त्या टॉवेलच्या कडेनं बघायची. निवेदक डावाचं नाव घेऊन ओरडतो, "घिस्सा... घिस्सा लागला!" गर्दी उसळते, मोबाईल आभाळाकडं जातो, व्हिडिओ संपतो. कुणी कुणाला चीत केलं? खाली दहा-वीस जणांनी तेच विचारलंय, "भावा, कोण जिंकलं?" भावानं एकालाही उत्तर दिलेलं नाही. त्याला बघणाऱ्यांचा आकडा मिळाला, त्याचं काम झालं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल, तर मैदानाच्या आधीच्या पत्रकांची. यात्रा कमिटीची रंगीत पत्रकं महिनाभर आधीपासून शंभर ठिकाणी फिरतात. पहिल्या नंबरची जोड, दुसऱ्या नंबरची जोड, इनाम किती, कोणाच्या स्मरणार्थ, सगळं छापलेलं. म्हणजे कोण लढणार होतं हे अख्ख्या जिल्ह्याला पाठ, आणि लढून झालं काय याचा पत्ता नाही. बरं, पत्रकातली जोड तरी खरी राहते का? कुणाचा खांदा दुखावतो, कुणाचं इनामावरून फिसकटतं, ऐनवेळी दुसराच पैलवान उतरतो. वर्षभरानं कुणी शोधायला गेलं तर त्याला जुनं पत्रक सापडणार आणि न झालेली कुस्ती झाली म्हणून सांगितली जाणार. हे आत्ताच होतंय. न आलेल्या पैलवानाच्या नावावर विजय लावलेला मी डोळ्यानं बघितलाय, आणि दुरुस्त करा म्हटलं तर मलाच ग्रुपमधून काढलं.

मोठ्या नावांचं काय, त्यांची खबर कुठून तरी लागतेच. मार बसतो तो खालच्या पोरांना. जत, आटपाडीकडचं पोरगं, बाप ऊसतोडीला, पोरगं तालमीत वस्तादाच्या हाताखाली. दुधाचा, बदामाचा, तुपाचा खर्च घरातल्या कुणाकुणाच्या तोंडचा काढून चाललेला. ते पोरगं दुपारच्या उन्हात, पाहुणे यायच्या आधी, आपल्यापेक्षा वजनदार गड्याला ढाक डाव लावून पाडतं. टाळ्या होतात, कुणी शंभराची, कुणी पाचशेची नोट हातात देतं, संपलं. पुढच्या गावच्या कमिटीकडं वस्ताद त्याला घेऊन जातात. "कुणाला पाडलंय यानं?" काय दाखवायचं? गावातल्या मैदानाला ना गुणपत्रक ना दाखला. एक नीट लिहिलेली ओळ असती, तारीख, गाव, समोरचा कोण, कोणत्या डावावर, किती मिनिटांत, तर त्या पोराला वरची जोड मिळाली असती. वरची जोड म्हणजे जास्त इनाम, आणि इनाम म्हणजे पुढच्या महिन्याचा खुराक. तुमच्या आगीच्या चित्रांनी त्याचं पोट भरत नाही.

क्रिकेटवाल्यांकडं बघा जरा. विजय हजारे आपल्या सांगलीचे. १९४८ साली ॲडलेडला त्यांनी कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं ठोकली, ११६ आणि १४५. आज शाळेतलं पोरगंसुद्धा मिनिटाभरात हा आकडा काढून दाखवतं. आता पैलवान मारुती माने घ्या. कवठेपिरानचे. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याच स्पर्धेत पुनवतच्या गणपतराव आंदळकरांचंही सुवर्ण. दोघंही आपल्याच जिल्ह्याचे! जकार्ताचं कळतं, कारण तिथं कुणीतरी वही धरून बसलं होतं. पण याच माणसांनी आपल्या मैदानांत, आपल्या मातीत मारलेल्या कुस्त्या? ज्यांनी बघितल्या ती म्हातारी माणसं एकेक करून चालली. त्यांच्याजवळ बसून, विचारून लिहून घ्यावं असं या हजारो 'कुस्तीप्रेमी' मंडळींपैकी किती जणांना वाटतं?

आणि लिहितात तेव्हा काय लिहितात? १५ जानेवारी आली की खाशाबा जाधवांचं पोस्टर. 'भारताला पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे.' दरवर्षी तेच, दरवर्षी चुकीचं. हॉकीची सुवर्णपदकं १९२८ पासून आहेत. खाशाबांचं १९५२चं हेलसिंकीचं कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्याआधी १९४८ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, हे तर कुणाच्या गावीही नसतं. गोळेश्वर कऱ्हाडपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या माणसाबद्दल एक वाक्य आपल्याला धड लिहिता येत नाही. दुरुस्ती सुचवली की, "तुम्ही कुठल्या तालमीचे?"

आधीच वर, राज्याच्या पातळीवर, गोंधळ कमी आहे का? २०२३ या एका वर्षात महाराष्ट्र केसरीच्या गदा तीन. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे, नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख, त्याच महिन्यात धाराशिवला परत शिवराज राक्षे. २०२५ला पुन्हा दोन, अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके. वेगवेगळ्या संघटना आपापली स्पर्धा भरवतात; त्यांची भांडणं त्या जाणोत. पण अशा वेळी तर शौकिनांनी नोंद जास्तच काटेकोर ठेवायला हवी ना? आपली मंडळी काय करतात, 'खरा केसरी कोण' म्हणून पोस्ट टाकतात आणि खाली आठ दिवस आयामाय उद्धरतात. तालुक्यावरून, जातीवरून, तालमीवरून. जानेवारी २०२३ला महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावाला चार गुण दिले, त्यावर केवढं रान पेटवलं! पंचाला धमकीचा फोन गेला, प्रकरण पोलिसांत गेलं. ज्यांना दोन गुण कधी आणि चार कधी हे सांगता येत नाही, ती माणसं तुकडा कापून, संथ करून, गोल काढून पंचाचा न्याय करत बसली होती.

पोरींच्या कुस्त्यांखाली जे लिहितात ते तर मी इथं लिहूसुद्धा शकत नाही. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली, मार्च २०२३ला, आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं मारली. आपल्या जिल्ह्यात तालमीला जाणाऱ्या कितीतरी लहान पोरी आहेत. त्या स्वतःच्या कुस्तीचा व्हिडिओ उघडतात आणि खाली हे वाचतात. घरचे वाचतात. एखादा बाप दुसऱ्या दिवसापासून पोरीला तालमीत पाठवत नाही, आणि तो कमेंट करणारा नालायक त्याच बोटांनी 'जय बजरंगबली' लिहून मोकळा होतो. ॲडमिनला सांगितलं तर म्हणतो, सगळ्यांवर लक्ष कोण ठेवणार? सट्ट्याच्या ॲपची जाहिरात वरती चिकटवायला वेळ आहे बरा! विशीतली पोरं त्या लिंकवर पैसे घालवतात आणि हा त्यातलं कमिशन खातो. कुस्तीच्या नावावर.

एक वही लागते रे. नाहीतर मोबाईलमधलीच नोंद, फुकटातली. मैदानाला गेलात तर जोड लागताना निवेदकाकडून दोघांची नावं, गावं आणि तालमी विचारून घ्या. कुस्ती सुटली की डाव लिहा, वेळ लिहा, बरोबरीत सोडवली असेल तर तसं लिहा, गुणांवर झाली तर तसं. रात्री ते जसंच्या तसं टाका, वर स्वतःचा फोटो नको, पुढाऱ्याचाही नको. आणि एवढंही होत नसेल तर मोबाईल खिशात घाला आणि खाली बसा. मागं लोक उभे आहेत, त्यांना कुस्ती बघायचीय.