किलो कशाचे?

भांड्यांच्या दुकानात स्टीलचा डबा मागितला की दुकानदार विचारतो, "किती किलोचा?" आपण बाणेदारपणे "पाच" म्हणतो. किलो कशाचे, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. हा प्रश्न घरी आल्यावर उभा राहतो, तोही ओट्यापाशी, हातात तांदळाची अर्धवट पिशवी घेऊन.

वाणसामान आलं की डबे भरायचं खातं आमच्याकडे माझं आहे. 5 किलोच्या नव्या डब्यात 5 किलो तांदूळ ओतायला घेतले. चार किलोच्या जरा पुढे गेलो आणि डबा शिगोशीग झाला. उरलेले तांदूळ पिशवीत तसेच. बायको म्हणाली, "अरे, नीट भर ना." तांदूळ नीट भरणं म्हणजे काय, हे मला आजही उमगलेलं नाही. आई आतून म्हणाली, "डबा आपट." आपटला. दाणे खाली बसले, वर दोन बोटं जागा झाली. पुन्हा आपटला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन "सगळं ठीक आहे ना?" विचारून गेल्या. तरीही पिशवीत अर्ध्या किलोहून जास्त तांदूळ उरलेच.

मग काटा काढला. रिकामा डबा वर ठेवून शून्य केला आणि डबा पाण्याने काठोकाठ भरला. बरोब्बर 5 किलो! म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता. तो पाण्याचे किलो सांगत होता. आता पाच किलो पाणी डब्यात घालून फडताळात ठेवणारं कुटुंब त्याने कुठे पाहिलं, ते त्यालाच ठाऊक.

कन्येचं नुकतंच शाळेत घनता शिकून झालं होतं. वस्तुमान भागिले आकारमान. तिने पुस्तकात पाहून सांगितलं, "बाबा, तांदळाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त. मग डब्यात पाण्यापेक्षा जास्त किलो बसायला हवेत." तर्क बिनतोड होता. घरात शांतता पसरली. शेवटी एक लिटरचं माप तांदळाने सपाट भरलं आणि त्यात हळूहळू पाणी ओतत गेलो. जवळजवळ 400 मिलिलिटर पाणी आत गेलं आणि माप तरी सांडलं नाही! एवढी सगळी आधी हवाच होती. आम्ही डबा आपटून तिलाच बाहेर काढत होतो. शोधाचा आनंद साजरा करेपर्यंत आईने भिजलेल्या तांदळाकडे पाहिलं आणि उडदाची डाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी इडल्या झाल्या. आर्किमिडीजला निदान नाश्त्याची सोय पाहावी लागली नव्हती.

एकदा चटक लागली की सुटत नाही. तोच डबा, पण कणीक अडीच-तीन किलोवर थांबते. चाळलेली असेल तर आणखी लवकर. कुरमुरे अर्धा किलोही मावत नाहीत. उलट मीठ सहा किलोच्या आसपास बसेल. पण मीठ स्टीलच्या डब्यात ठेवायचं नसतं, हे ज्ञान मला वेगळ्या प्रसंगी, वेगळ्या आवाजात मिळालेलं आहे.

आजोबांच्या काळी हा घोळ नव्हता, असं आईचं मत. तेव्हा धान्य मापानेच चाले. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. ज्वारी असो की भात, पायली ती पायली. वजन कोण विचारतो? अर्थात तिथेही माप सपाट की शिगेचं, यावर भावकीत अबोले होत. 1956 च्या कायद्याने किलो आणि लिटर आणले, तेव्हा भांडण मिटेल असं वाटलं असावं. झालं एवढंच, की भांडायला दोन एककं मिळाली.

तेलाचंच बघा. पिशवीवर 1 लिटर आणि शेजारी बारीक अक्षरात 910 ग्रॅम. एका पिशवीला कोण विचारतो? पण दिवाळीला डबा घ्यायची वेळ आली की एक दुकानदार 15 लिटरचा भाव सांगतो, दुसरा 15 किलोचा, आणि पत्र्याचे डबे लांबून जुळ्या भावांसारखे. 15 लिटर तेल भरतं 13 किलो 650 ग्रॅम. मधलं 1 किलो 350 ग्रॅम म्हणजे चकलीचे कितीतरी घाणे. मी दुकानातच मोबाइलवर 0.91 ने गुणाकार करू लागलो. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ साहेब, तेल घ्यायचंय की परीक्षा द्यायचीय?"

दुधाच्या बाबतीत मात्र मी तोंड उघडत नाही. आमचे मामा गावच्या डेअरीत दूध घालायचे. दुधाची घनता मोजणारी काचेची नळी, म्हणजे लॅक्टोमीटर, दुधात किती वर तरंगते, त्या आकड्यावर, म्हणजे डिग्रीवर, तिथे दुधाची पत ठरे. पाणी घातलं की दूध पातळ होतं, डिग्री उतरते. पण साय दुधाहून हलकी. ती काढून घेतली की उरलेलं दूध जड होतं, डिग्री चढते. तेव्हा साय काढा आणि बेताने पाणी घाला. डिग्री जागच्या जागी! म्हणूनच पुढे डेअऱ्या फॅटही तपासायला लागल्या. मामा हे सांगताना इतके रंगात येत, की त्यांना ही माहिती नेमकी कोणत्या बाजूने होती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

सगळ्यात मोठा धक्का आइस्क्रीमने दिला. त्याचा फॅमिली पॅक कन्येने गुपचूप काट्यावर ठेवला. वर लिहिलेलं 1 लिटर, काटा दाखवत होता साडेपाचशे ग्रॅमच्या आत-बाहेर. नियमालाही लिटरमागे 525 ग्रॅम पुरतात. बाकी घुसळून भरलेली हवा. मी संतापून कायदेशीर मसुदा मनात जुळवत होतो.

"बाबा, आपटून बघू या?" तिने विचारलं.

बायकोने डबा तिच्या हातातून काढून घेतला आणि वाट्या मांडल्या.