ऐझॉलला मटका लागला नव्हता

भारतीय फुटबॉलमधल्या आय-लीगच्या २०१६-१७ च्या हंगामाचा विषय निघाला की एक मजकूर हटकून पुढे ढकलला जातो: मिझोरामचा ऐझॉल एफसी मागच्या दाराने लीगमध्ये शिरला, डोंगरावरच्या कृत्रिम मैदानाच्या जोरावर लीग जिंकला, मोठे क्लब आशियाई स्पर्धेत दमले होते आणि चांगले खेळाडू तर आयएसएल या वेगळ्या लीगमध्ये होते. थोडक्यात, मटका लागला. शेअर करणाऱ्यांत मुंबई-पुण्याचे लोक बरेच दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मागचं दार. २०१५-१६ मध्ये नऊ संघांत ऐझॉल आठवा आला आणि रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या श्रेणीत ढकलला गेला. मग नववा कोण होता? आपल्या पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तो थेट प्रवेश मिळालेला कॉर्पोरेट संघ, त्यामुळे त्याला रेलिगेशन लागूच नव्हतं. तळातला वाचला, त्याच्या वरचा खाली गेला. पुढे गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि भारतीय फुटबॉल महासंघाने ऐझॉलला परत घेतलं. दाराची गोष्ट काढायचीच असेल तर ते आधी कुणासाठी उघडलं होतं, हेही सांगा की. शिवाय त्याच उन्हाळ्यात, २०१६ च्या फेडरेशन कपात, या ‘लायकी नसलेल्या’ संघाने लीगविजेत्या बेंगळुरूला बाहेर काढून अंतिम फेरी गाठली होती. तिथे गुवाहाटीत मोहन बागानने त्यांना ५-० असं धुतलं, तेही खरं.

मैदानाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ज्या हंगामात ऐझॉल रेलिगेट झाला, तेव्हाही घरचं मैदान तेच होतं. आणि उंचीनेच लीग जिंकता येत असती तर ऐझॉलपेक्षा उंचावरच्या शिलाँगमध्ये खेळणाऱ्या लाजोंग क्लबच्या कपाटात एव्हाना आय-लीगच्या दोन-चार ट्रॉफ्या असत्या. एकही नाही.

आशियाई स्पर्धेबद्दल, म्हणजे एएफसी कपाबद्दल, मात्र अर्धं मान्य. बागान आणि बेंगळुरू दोघांचंही वेळापत्रक जड होतं, ऐझॉलला ती भानगड नव्हती. पण शेवटचे दोन सामने उरले तेव्हा बागान आणि ऐझॉल ३३-३३ गुणांवर होते. म्हणजे दमलेला म्हणता तो बागान बरोबरीत उभा होता. २२ एप्रिल २०१७ ला दोघे ऐझॉलमध्ये समोरासमोर आले आणि झोमिंगलियाना राल्टेच्या हेडरवर ऐझॉलने सामना १-० असा जिंकला. लीगचा निकाल याहून सरळ कसा लागायचा? ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात ऐझॉलला बरोबरी पुरेशी होती. डिपांडा डिकाने सुरुवातीलाच लाजोंगला पुढे नेलं. हा त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, लक्षात घ्या. ऐझॉलच्या विल्यम लालनुनफेलाने उत्तरार्धात बरोबरी साधली. तिकडे बागान जिंकला. ऐझॉल ३७, बागान ३६. ईशान्येकडचा पहिला लीगविजेता.

खेळाडू आयएसएलमध्ये होते म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर पाहावं. आयएसएल २०१६ च्या डिसेंबरात संपली, आय-लीग जानेवारीत सुरू झाली. सुनील छेत्री मुंबई सिटीकडून खेळून बेंगळुरूत परतला, स्ट्रायकर जेजे चेन्नईयिनकडून बागानमध्ये. ऐझॉलने हरवलं ते याच लोकांना.

आता ‘नशीब’. इथे मला खरा राग येतो, कारण त्या नशिबाचं नाव आपल्याला माहीत आहे: खालिद जमील. २००९ पासून सात वर्षं हा माणूस मुंबई एफसीचा प्रशिक्षक होता. तुटपुंज्या साधनांत, फारसं देखणं न खेळता, पण दरवर्षी संघाला लीगमध्ये टिकवून. ‘बचावात्मक खेळवतो’ म्हणून आपणच नाकं मुरडायचो, मीही त्यात होतो. २०१६ मध्ये त्याला जावं लागलं आणि ऐझॉलने त्याला उचललं. त्याने मुंबईच्या संघात पाहिलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथेही त्याच्या हाताखाली खेळले. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जरियान, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो, आणि भोवती त्याच डोंगरात खेळून मोठी झालेली मिझो पोरं. कुणाला कुठे उभं करायचं हे त्याला कळत होतं, याला मटका म्हणत नाहीत. मोठ्या क्लबांनाही ते दिसलं होतं: हंगाम संपताच अमना आणि खुद्द खालिद ईस्ट बंगालला गेले, कामो बागानला. ऐझॉलला ती मोट पुन्हा बांधता आली नाही, पण घर लुटलं गेलं याचा दोष घरमालकाला कसा द्यायचा? २०२५ मध्ये तर खालिद भारताच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

आणि मुंबई एफसी? त्याच २०१६-१७ च्या हंगामात, खालिद गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी, दहा संघांत दहावा. रेलिगेट झाला आणि मग संघच गुंडाळला गेला.