‘आजीने तर नुसती हळद लावली होती’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नव्या टॅटूची काळजी कशी घ्यावी यावर मी लिहिलं आणि तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. तुमच्या आजीने गोंदवून घेतलं, वर हळद-तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती शेतावर गेली. तुम्ही स्वतः गोव्यात टॅटू काढून तिसऱ्या दिवशी समुद्रात पोहलात, काही झालं नाही. आणि मी सुचवलेल्या, नव्या टॅटूवर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मने तुमच्या बहिणीच्या हातावर पुरळ उठलं. तेव्हा मी लोकांना उगाच घाबरवतो, असं तुमचं म्हणणं.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. फिल्म चार-पाच दिवस राहू द्या, असं मी सरसकट लिहिलं. तिचा गोंद काहींच्या कातडीला सोसत नाही, हे लिहायला हवं होतं. शिवाय दमट हवेत घामाने फिल्मची कड सुटते, मग बाहेरची घाण आत शिरते आणि तिथल्या ओलाव्यात, उबेत जंतूंचं फावतं. कड सुटली किंवा फिल्मखाली खाज, पुरळ आलं, तर दिवस मोजत बसू नये. कोमट पाण्याखाली धरून हळूहळू काढून टाकावी.

आता आजी. माझ्या आजीच्याही कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं, हातावर तुळस होती. पण ते ठिपके आणि बारीक रेघा. आज माझ्याकडे येणारा मुलगा दंडापासून मनगटापर्यंत गडद काम करून घेतो, चार-पाच तास सुई चालते. ती वरचा थर भेदून एक-दोन मिलिमीटर आत जाते. एवढा मोठा हात खरचटलेल्या गुडघ्यासारखा उघडा असतो, पहिले एक-दोन दिवस त्यातून पाणी आणि शाई पाझरत राहते. त्यावर डब्यातली हळद टाकली, तर ती निर्जंतुक नसते आणि खपलीत चिकटून बसते. खपली ओढली गेली की शाईही निघते, तिथे फिकट डाग राहतो. आणि माझी आजी हेही सांगायची, की गोंदवल्यावर हात सुजला होता आणि दोन रात्री ताप होता. तुमच्या आजीला कधी कोणी हे विचारलं होतं का?

समुद्राबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. अमेरिकेत एक 31 वर्षांचा माणूस टॅटू काढल्यावर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. समुद्राच्या कोमट पाण्यात राहणारे व्हिब्रिओ व्हल्निफिकस जिवाणू त्या जखमेतून आत गेले आणि सुमारे दोन महिन्यांनी तो गेला. 2017 मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याचं यकृत आधीच दारूने खराब झालेलं होतं, हेही सांगायला हवं, धडधाकट माणसाला असं क्वचितच होतं. पण आपलं यकृत कसं आहे, हे गोव्याला निघालेल्या किती जणांना ठाऊक असतं? तुम्हाला काही झालं नाही याचा मला मनापासून आनंद आहे. तरी दोन-तीन आठवडे समुद्र, नदी, तरणतलाव काहीच नको. नळाखालची अंघोळ चालते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून आणलेल्या मलमाची. त्यात बरेचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. खाज थांबते, लाली उतरते, म्हणून बरं वाटतं. आत मात्र जखम भरणं मंदावतं आणि जंतुसंसर्ग झाला असला तर तो झाकला जातो. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते लावू नका. हात धुऊन, सौम्य, बिनवासाच्या साबणाने दिवसातून दोनदा टॅटू धुवा, कागदी रुमालाने टिपून घ्या (अंग पुसायचा पंचा नको) आणि साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ लावा. कातडी चकचकीत, चिकट दिसली तर जास्त झालं समजा. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरत गेली, पू किंवा ताप आला, तर मला फोटो पाठवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

बहिणीचं पुरळ अजून असेल तर तिलाही दाखवून घ्यायला सांगा. आणि पुढे कधी सलाईन किंवा ड्रेसिंगची चिकटपट्टी लावायची वेळ आली, तर हा प्रकार तिने आधी सांगावा, कारण गोंद तसलाच असू शकतो. फिल्मचा परिच्छेद मी आज बदलला आहे.