आत्मा नाही, की अमर आत्मा नाही?

ख्रिस्ती धर्म प्राण्यांना आत्माच नाकारतो, म्हणून त्यांच्या मरणोत्तर जीवनाचा प्रश्नच उद्भवत नाही, हे मी वाचलेल्या एका लेखातील विधान मला मान्य नाही. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे वनस्पती, प्राणी आणि मनुष्य या तिघांनाही आत्मा मानला; मात्र प्राण्यांच्या आत्म्याचे प्रत्येक कार्य शरीरावर अवलंबून असल्यामुळे तो शरीराबरोबरच संपतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्राण्यांना निव्वळ यंत्रे ठरवण्याची कल्पना सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची, आणि तिचे खापर चर्चवर फोडणे योग्य नव्हे.

शिवाय अक्वायनस यांचे मत हा ख्रिस्ती विचारातील शेवटचा शब्द नाही. मनुष्याचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कोणाला ठाऊक, असा प्रश्न खुद्द बायबलमधील ‘उपदेशक’ (३:२१) विचारतो. आमचा कुत्रा गेला तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने फादरांना याबद्दल विचारले होते. त्यांनी होय किंवा नाही असे काहीच न सांगता तिला बायबलमधील, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय वाचायला दिला (दहा वर्षांच्या मुलीसाठी तो जरा जडच होता). संपूर्ण सृष्टी नाशाच्या दास्यातून मुक्त होईल, असे पौल तेथे म्हणतो, आणि त्याच वचनांवरून मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकात प्राण्यांच्या पुनरुद्धाराचा पुरस्कार केला. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या परिपत्रकातही सार्वकालिक जीवनात प्रत्येक जीव रूपांतरित होऊन आपले स्थान घेईल, असे म्हटले आहे. लेखात यांपैकी कशाचाही उल्लेख नाही.