पिसारोच्या म्हाताऱ्याची कीव करू नका

इम्प्रेशनिझम, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली बदलता उजेड पकडणारी ती फ्रेंच चित्रशैली, म्हटलं की लोकांना चित्रकार मोनेची कमळं आठवतात, ती मगवर, छत्रीवर, फोनच्या कव्हरवर सगळीकडे. छानच आहेत, वाद नाही. पण या चित्रकार मंडळींमधलं माझं सगळ्यात लाडकं चित्र कामीय पिसारोचं आहे, 'जेले ब्लांश', १८७३ चं. थंडीत सकाळी दव गोठून रान पांढरं पडतं ना, त्याचं.

चित्रात काय आहे? तसं काहीच नाही. पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावाकडून एनरी गावाला जाणारी जुनी वाट, नांगरलेलं रान, आणि पाठीवर लाकडाची मोळी घेऊन काठी टेकत चाललेला एक म्हातारा. बास. त्या रानावर आणि वाटेवर लांबच लांब सावल्या आडव्या पडल्यात, आणि गंमत म्हणजे ज्या झाडांच्या सावल्या ती झाडं चित्रात नाहीतच! १८७४ च्या, या मंडळींच्या पहिल्या गाजलेल्या प्रदर्शनात हे चित्र लागलं तेव्हा कास्तान्यारी नावाच्या समीक्षकानं यालाच मोठी चूक म्हटलं, आणि तो तर या लोकांच्या बऱ्यापैकी बाजूचा होता. मला तर तीच चित्रातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. सूर्य काय फ्रेम बघून उगवतो का?

आता मिले या फ्रेंच चित्रकाराच्या १८५७ च्या त्या सरवा वेचणाऱ्या बायका आठवा. ग्रेट चित्र, पण त्यापुढं उभं राहिलं की आपोआप गंभीर चेहरा करावा लागतो, गरिबी, कष्ट, सगळं अंगावर येतं. पिसारो तसलं काही मागत नाही. त्याचा म्हातारा लहानसा आहे, मातीच्याच रंगाचा, आणि त्याला घरी जायचंय. शेतकरी दाखवला की एक तर देव करायचा नाहीतर बिचारा करायचा ही सवय आपल्याकडेही आहेच की, कॅलेंडरं बघा.

पिसारोला हे जमलं कारण तो गावात सुट्टीला आलेला पाहुणा नव्हता. पाँत्वाजला तो वर्षानुवर्षं राहिला, पैशांची कायम ओढाताण, घरात पोरंबाळं. बायको जूली बर्गंडीकडच्या द्राक्षमळेवाल्याची मुलगी, पिसारोच्या आईकडेच स्वयंपाकघरात कामाला होती, त्यामुळे घरच्यांचा लग्नाला विरोध. घरामागं भाजीपाला लावणं, कोंबड्या-ससे पाळणं हे जूलीच बघायची. अशा घरातल्या माणसाला मोळी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

लुई लरुआ नावाच्या समीक्षकानं मात्र पेपरात या चित्राची यथेच्छ टिंगल केली होती. एका काल्पनिक जुन्या चित्रकाराच्या तोंडी त्यानं घातलं, की हे कसले नांगराचे तास, ही तर मळक्या कॅनव्हासवर फासलेली पॅलेटची खरवड! आणि खरं सांगू, अगदी जवळून बघितलं तर तसंच दिसतं, नुसते रंगाचे जाडसर फटकारे. चार पावलं मागं सरकलं की लगेच थंडी वाजते. लरुआ बहुतेक कॅनव्हासला नाक लावून उभा असणार.