बिल्ला परत मागू नका

महापेच्या कंपनीत नवीन लागलात? अभिनंदन. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून घणसोलीला उतरायचं आणि शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धं टेकून ऑफिस गाठायचं, एवढं जमलं की सेशन सांभाळणं, म्हणजे साइटवर आलेला माणूस कोण ते लक्षात ठेवणं, अवघड नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवाचं सार फुकट देतोय, घ्या.

एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची रीत, जात्याच विसरभोळं. आत्ता नाव सांगितलंत तरी पुढच्या रिक्वेस्टला पुन्हा ‘आपण कोण?’ विचारणार. त्यावर उतारा म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी कुकी आणली, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे दिलेली आणि प्रत्येक रिक्वेस्टबरोबर परत येणारी छोटी नोंद. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडची पद्धत आहे ही. चपला मामांच्या ताब्यात, तुमच्या हातात नंबराचा बिल्ला. बिल्ला म्हणजे सेशन आयडी, आणि चपला म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली तुमची माहिती. मामा चेहरा बघत नाहीत. ज्याच्या हातात बिल्ला, त्याच्या चपला.

तेव्हा पहिलं काम, बिल्ल्यांचे नंबर ओळीने द्या. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर १६ बाइटांचा रँडम आयडी बनवतो, ही निव्वळ उधळपट्टी. १०४१, १०४२, १०४३ कसं सुटसुटीत वाटतं! १०४२ वाल्याला शेजाऱ्याच्या चपला घालून बघाव्याशा वाटल्या, तर त्याचीही सोय झाली.

लॉगिन झाल्यावर नवा आयडी देण्याच्या भानगडीत तर पडूच नका. लॉगिनच्या आधीचा आहे ना, तोच चालू द्या. कोणी आपल्याच आयडीची लिंक तुमच्या ग्राहकाला पाठवेल, ग्राहक तिच्यावरून भाबडेपणाने पासवर्ड टाकून आत येईल, आणि त्याच आयडीवर तो पाठवणाराही आत बसलेला असेल. याला सेशन फिक्सेशन म्हणतात. थांबवायला कोडची एक ओळ पुरते, पण ओळ वाढली की रिव्ह्यू वाढतो.

कुकीवर एचटीटीपी-ओन्ली, सिक्युअर, सेमसाइट अशा चिठ्ठ्या लावायचा आग्रह धरणारे भेटतील. जावास्क्रिप्टला कुकी वाचता येऊ नये, ती एन्क्रिप्शन नसलेल्या साध्या एचटीटीपीवरून जाऊ नये, दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टबरोबर पाठवली जाऊ नये, असे त्यांचे हट्ट. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक्स्टेंशन आलं, आणि उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं सेशन एका क्लिकवर हाती लागायला लागलं. पण आता कुठे कोण उघडं वायफाय वापरतं? (फूड कोर्टात मी वापरतो. पासवर्ड विचारायला लाज वाटते.)

सेशन सर्व्हरच्या मेमरीतच ठेवा. सगळ्या सर्व्हरना मिळून वापरता येणारं रेडिससारखं वेगळं कोठार वगैरे श्रीमंतांचे चोचले. उद्या रिक्वेस्टी वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे दुसरा सर्व्हर लागला, की पहिली रिक्वेस्ट इकडे, दुसरी तिकडे, आणि तिकडचे मामा म्हणणार, ‘हा बिल्ला आमचा नाही.’ ग्राहक पुन्हा लॉगिन करेल. तेवढाच पासवर्ड पाठ होतो. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर रीस्टार्ट केलात तर सगळ्यांचाच.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘सर, सेशन नकोच, जेडब्ल्यूटी वापरू.’ म्हणजे माहिती सही करून टोकनातच द्यायची, सर्व्हरवर काही ठेवायचं नाही. वापरू द्या. मुदत संपायच्या आत टोकन रद्द करायची वेळ आली, की तोच सर्व्हरवर रद्द टोकनांची यादी ठेवेल आणि प्रत्येक रिक्वेस्टला ती तपासत बसेल. तेव्हा त्याला चहा पाजा, बोलू काही नका.

टाइमआउटचं, म्हणजे हालचाल नसलेलं सेशन किती वेळाने मोडायचं याचं म्हणाल, तर टॉमकॅटमध्ये मूळचा ३० मिनिटांचा, पीएचपी या वेबच्या भाषेत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. फॉर्म भरता भरता ग्राहक जेवायला उठतो आणि परत येऊन आपल्या नावाने शिमगा करतो. तुम्ही सरळ एक वर्ष ठेवा.

आता लॉगआउट. इथे मी स्वतःचंच काम नमुना म्हणून दाखवतो. घणसोलीतल्या एका सोसायटीचं मेंटेनन्सचं पोर्टल मी लिहिलं होतं. लॉगआउटचं बटण दाबलं की लॉगिनचं पान यायचं, बस. सेशन सर्व्हरवर जिवंत, कुकी ब्राउझरमध्ये जिवंत. पान बदललं की माणूस बाहेर गेला, असा माझा हिशोब. बिल्ला परत घेतलाच नाही; घेतला असता तरी मामांनी फळीवरून चपला काढल्याच नव्हत्या.

सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर. कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर, त्याच्या सुरकुत्यांत चिवड्यातले शेंगदाणे. खजिनदार काकांनी रात्री हिशोब टाकला, लॉगआउट केलं, स्क्रीनवर लॉगिनचं पान आलेलं बघून समाधानाने दिवा मालवला. सकाळी बी विंगच्या एक वहिनी पाण्याच्या टँकरची तक्रार टाकायला बसल्या आणि सवयीने बॅक दाबलं. जुनं पान दिसलं, ते ब्राउझरने जपून ठेवलेलं, त्यात नवल नाही. पण त्यांनी ‘थकबाकी’वर क्लिक केलं आणि ताजी यादी उघडली. फ्लॅट नंबर, नाव, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात काकांचे खाजगी शेरे. त्यांच्या फ्लॅटसमोर शेरा होता : ‘टाळाटाळ. गाडी मात्र नवीन.’

मीटिंग झाली. मला बोलावलं. काका म्हणाले, “अहो, मी लॉगआउट केलं होतं! देवाशपथ केलं होतं!” समितीने माझ्याकडे पाहिलं. सर्व्हरवरचं सेशन मोडायचं, कुकी पुसायची, पान साठवू नको असं ब्राउझरला सांगायचं, एवढं तीन ओळींचं काम. मी म्हणालो, “बटण नीट दाबलं गेलं नसेल. मोठं करून देतो.”

आता बटण लाल आहे, मोठं आहे. काका हल्ली ते दोनदा दाबतात.